आखेनला जाणारी गाडी

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेला. निघण्यापूर्वी त्याची आजी त्याला आशीर्वादासाठी माझ्याकडे घेऊन आली. प्रार्थना झाली, मस्तकावर हात ठेवून झाला, तरी आजी उठेनात. "फादर, त्या गावाचं नाव एकदा नीट सांगा. रोज रात्री रोजरीत त्याच्यासाठी मागते, पण गावाचं नावच चुकलं तर?" मी म्हणालो, "आखेन." आजींनी ते तीन-चार वेळा तोंडात घोळवून पाहिले आणि अखेरीस 'आकेन' या उच्चारावर त्या स्थिरावल्या. नातू हसला. मला हसता आले नाही. आजी नकळत जे म्हणाल्या तेच त्या शहराचे डच नाव आहे, आणि त्या नावापायी माझ्या हातून एकदा एका वृद्ध स्त्रीची मिस्सा चुकली होती.

मी १९९८ साली शिक्षणासाठी रोमला गेलो. वसई धर्मप्रांताची स्थापना त्याच वर्षी झालेली. "आपण कुठले?" या प्रश्नाला मी अभिमानाने "वसईचा" असे उत्तर देई आणि समोरचा चेहरा कोराच राही. मग 'बॅसीन' म्हणून पाहिले. एक वयोवृद्ध सिस्टर लगेच म्हणाल्या, "म्हणजे ब्रह्मदेशातून आलात!" त्यांचेही चुकले नव्हते. इरावतीच्या मुखाकडील पथेन या शहरालाही इंग्रज बॅसीनच म्हणत आणि तेथे एक धर्मप्रांतही आहे. एका पोर्तुगीज सहाध्यायाला मात्र 'बासाइं' हा शब्द उच्चारताच ओळख पटली. १५३४ ते १७३९ पर्यंत त्याच्या पूर्वजांनी आपल्या गावाला तेच नाव दिले होते आणि संत गोन्सालो गार्सिया यांचे जन्मस्थान त्याच्या भाषेतील पुस्तकांत त्याच नावाने येते. चिमाजी आप्पांच्या विजयानंतर मराठ्यांनी 'बाजीपूर' केले, ते फार दिवस टिकले नाही. १८०२चा तह इतिहासात पुन्हा बॅसीनचाच झाला. एका गावचा मी, आणि जेवणाच्या एका मेजावर तीन गावांचा ठरत होतो.

युरोपातील शहरेही याच दुखण्याने पछाडलेली आहेत, हे रोमच्या तेर्मिनी स्थानकात कळले. तेथे 'मोनाको'ला जाणारी गाडी लागे. तिच्यात चढलेला प्रवासी जुगारगृहांसाठी प्रसिद्ध असलेल्या समुद्रकाठच्या राज्यात पोहोचत नाही. तो पोहोचतो म्युनिकला. या शहराच्या जर्मन नावात मठवासी दडलेला आहे, नगरचिन्हावरही मठवासीच आहे, आणि इटालियन लोकांनी सरळ आपला मठवासी, म्हणजे 'मोनाको', त्या जागी बसवला. समुद्रकाठच्या मोनाकोचे नाव ग्रीकातून आलेले, त्याचा याच्याशी संबंध नाही. माझा एक दाक्षिणात्य मित्र या घोटाळ्यात सापडता सापडता वाचला तेव्हा आम्ही त्याची महिनाभर थट्टा केली. त्या थट्टेतून मी काही शिकलो असतो तर बरे झाले असते.

गोरेगावच्या सेमिनरीत असताना सात वर्षे माझ्या शिक्षणाचा काही भार आखेनमधील एका विधवा बाईंनी उचलला होता. आखेन आणि मिशनकार्य यांचे नाते जुने आहे. हाइनरिश हान नावाच्या तेथील डॉक्टरांनी १८३२ साली संत फ्रान्सिस झेविअर यांच्या नावाने मिशनकार्याला साहाय्य करणारी संस्था सुरू केली. आजची 'मिसिओ' तिचीच वारस. १९५८ साली स्थापन झालेल्या 'मिझेरिओर'चे मुख्य कार्यालयही त्याच शहरात. गोव्यात ज्यांचे अवशेष आपण वंदितो त्या संताच्या नावाने एका परक्या शहरात एका डॉक्टरने पेटी फिरवावी आणि दीडशे वर्षांनी त्या ओघातील चार थेंब वसईच्या एका मुलाच्या शिक्षणासाठी यावेत, याचे मला अजून नवल वाटते. त्या बाई काही श्रीमंत नव्हत्या. तरुणपणी त्यांनी सुयांच्या कारखान्यात काम केले होते. दर नाताळात त्यांचे पत्र येई. २००० साली, ज्युबिली वर्षात, त्यांनी लिहिले की जूनमध्ये माझ्या पतीचा स्मृतिदिन आहे, आमचे फादर त्या आठवड्यात बाहेरगावी असतील, तुम्ही येऊन संध्याकाळची साडेसहाची मिस्सा अर्पण कराल का? मी सर्वांना सांगून ठेवले आहे.

सात वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी आधी बेल्जियममधील लूव्हेनला गेलो. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने १८८९ साली निवर्तलेले फादर दामियान यांचे अवशेष १९३६ साली तेथे आणण्यात आले. तेव्हा ते धन्यवादित होते. संतपदाचा मान त्यांना २००९ साली मिळाला. त्यांच्या कबरीपाशी सकाळी मिस्सा अर्पण करून मी दुपारी तीनच्या सुमारास स्थानकावर आलो. माझ्या हातातील कागदावर रोमहून लिहून आणलेली नावे होती: लिएझ, आखेन, कोलोन. फलकावर होती लौक, आकेन आणि क्योलेन. गाडी आली, दोन मिनिटे थांबली आणि माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी आपला आखेनच्या गाडीची वाट पाहत उभा. शेवटी एका रेल्वे कर्मचाऱ्याला विचारले, तेव्हा त्याने निघून गेलेल्या डब्यांकडे बोट दाखवले.

लूव्हेन डच भाषिक प्रदेशात आहे आणि तेथे सार्वजनिक फलकांवर फक्त डच नावे असतात. बेल्जियमने १९६०च्या दशकात कायद्याने आपली भाषासीमा आखून घेतली. भाषेचे भांडण त्या देशात किती हाडीमाशी खिळले आहे याची साक्ष लूव्हेनचेच विद्यापीठ देते. १४२५ साली स्थापन झालेले हे कॅथलिक विद्यापीठ १९६८ साली भाषेवरून दुभंगले. फ्रेंच भाषिकांसाठी सीमेपलीकडे नवे गाव वसवावे लागले आणि ग्रंथालयातील पुस्तके सम-विषम क्रमांकांनी वाटून घेतली गेली. एकाच ग्रंथाचे खंड दोन गावांना गेले असतील तर वाचणाऱ्याने काय करायचे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

पुढच्या गाडीत चढलो. 'आकेन' हा शब्द मी जपमाळेतल्या मण्यासारखा मनाशी धरून बसलो होतो. लिएझ आले. गाडी थांबली असताना खिडकीतून सहज फलकाकडे पाहिले, तर आकेन नाहीसे झालेले! त्या जागी होते 'एक्स-ला-शापेल'. गाडी भाषासीमा ओलांडून आली होती, हे मला त्या वेळी कसे सुचावे? मला ठाऊक असलेले 'एक्स' दक्षिण फ्रान्समधले होते. माझी खात्रीच पटली की मी चुकीच्या गाडीत बसलो आहे आणि ही आता मला कोणत्या तरी फ्रेंच कपेलाकडे घेऊन चालली आहे. पुढच्या व्हेर्व्हिए या स्थानकावर मी बॅग घेऊन खाली उतरलो.

आखेन तेथून अवघे तीसएक किलोमीटर होते. ज्या गाडीतून मी उतरलो ती थेट तेथेच चालली होती.

तिकीट खिडकीतील बाई आधी हसल्या, मग माझा चेहरा पाहून गंभीर झाल्या. त्यांनी एका चिठ्ठीवर फ्रेंच, डच आणि जर्मन अशी तिन्ही नावे एकाखाली एक लिहून दिली. पुढची गाडी दोन तासांनी होती. खिशात इटालियन लिरा भरपूर, बेल्जियन फ्रँक मोजकेच. त्या फ्रँकांवर दोनदा दूरध्वनी केला. घंटा वाजत राहिली. घरी कोण असणार? त्या तर स्थानकावर येऊन बसल्या होत्या.

पावणेआठला पोहोचलो. जूनचा उजेड अजून रेंगाळत होता. फलाटावरील बाकावर एक ठेंगणी वृद्धा तपकिरी कोट घालून, मांडीवर गीतांचे पुस्तक घेऊन बसलेली दिसली. चर्चमध्ये लोक जमले होते, त्यांनी रोजरी म्हटली आणि ते घरी गेले, हे मला नंतर कळले. मी माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये क्षमायाचना सुरू केली. त्यांनी ती पुरी होऊ दिली नाही. "जेवलात का?" एवढेच विचारले.

घरी सूप पिताना मी ती चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, पेन्सिल आणली आणि तिन्ही नावांखाली चौथे लिहिले: 'ओखं'. आखेनच्या बोलीत आखेनला तसे म्हणतात. मग उजव्या हाताची करंगळी उभी करून मला दाखवली. सुयांच्या कारखान्यांत तयार सुया निवडताना वाकडी सुई करंगळीने बाजूला उडवीत. त्यावरून करंगळी उभारणे ही आखेनकरांची खूण झाली. परदेशात दोन आखेनकर भेटले की करंगळी दाखवतात, नाव घ्यावेच लागत नाही. फलाटावर त्यांनी मला दुरून ही खूण केली होती म्हणे. मला वाटले, हात दुखत असावा.

ती चिठ्ठी मी रोमला नेली आणि फावल्या वेळात त्या नावांचा मागोवा घेतला. मुळात तेथे गरम पाण्याचे झरे. रोमन सैनिक त्या झऱ्यांत स्नान करीत आणि ग्रानुस नावाच्या केल्टिक आरोग्यदेवतेवरून त्या पाण्याला ओळखीत. लॅटिनमध्ये पाण्याला 'आक्वा' म्हणतात आणि 'पाण्यांपाशी' म्हणायचे तर त्याचे 'आक्विस' असे रूप होते. आपण 'ठाण्यास गेलो' म्हणतो आणि एखाद्या परक्याने 'ठाण्यास' हेच गावाचे नाव समजावे, तसा हा प्रकार. इटालियनांनी हे विभक्तीसह लॅटिन नाव जवळजवळ जसेच्या तसे ठेवले: आक्विस्ग्राना. स्पॅनिश आणि पोलिश लोकांनीही तेच. फ्रेंचांच्या तोंडी 'आक्विस' झिजत झिजत 'एक्स' झाले. दक्षिणेतले माझे परिचित एक्सही असेच पाण्याकाठचे गाव. जर्मनांनी मात्र लॅटिन बाजूला ठेवून आपला जुना पाणीवाचक शब्द वापरला, त्याचे आखेन, आणि शेजारच्या डचांचे आकेन. सर्वांत गंमत चेक लोकांची. त्यांचे नाव आहे 'त्साखी'. त्यांच्या भाषेतील 'हून' या अर्थाचे शब्दयोगी अक्षर नावाला चिकटले आणि चिकटूनच राहिले, असे म्हणतात.

राहिले 'ला शापेल'. ते सम्राट शार्लमेनच्या अष्टकोनी प्रार्थनामंदिरावरून आले. पोप तिसरे लिओ यांनी ८०५ साली त्याचे पवित्रीकरण केले, असे परंपरा सांगते. शार्लमेन ८१४ साली तेथेच पुरला गेला. पुढे ९३६ ते १५३१ पर्यंत जर्मन राजांचे अभिषेक तेथेच होत राहिले. पण मला अधिक भावली ती 'शापेल' या शब्दाची कथा. अमियाँच्या वेशीवर संत मार्टिन यांनी आपला झगा तलवारीने कापून अर्धा कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, हे आपली मुलेही जाणतात. त्या झग्याचा अवशेष फ्रँक राजे आपल्याबरोबर बाळगीत. झग्याला लॅटिनमध्ये 'कापा'. छोटा झगा तो 'कापेल्ला'. तो जेथे ठेवला जाई ती जागा कापेल्ला ठरली, तो सांभाळणारा धर्मगुरू 'कापेल्लानुस' झाला. गोव्यातले 'कोपेल', इंग्रजीतले चॅपेल आणि इस्पितळात आजाऱ्यांना भेटायला येणारे चॅप्लेन, सारे त्या अर्ध्या झग्याचे धागे. व्हेर्व्हिएच्या बाकावर बसून ज्या 'शापेल'ला मी मनातल्या मनात दूषणे देत होतो, ती ही!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांच्या पतीसाठी मिस्सा अर्पण केली. चार माणसे होती. आदल्या दिवशीची चूक भरून काढावी म्हणून मी रात्री बसून जर्मनमध्ये पाच-सहा वाक्ये लिहून काढली होती. त्यांचे पती आखेनचे नव्हते, ब्रेस्लाउहून आलेले होते, हे मला पत्रांवरून ठाऊक होते. एडिथ स्टाइन, म्हणजे संत तेरेसा बेनेडिक्टा, १८९१ साली जन्मल्या तेच हे शहर. १९९८ साली रोममध्ये त्यांच्या संतपदघोषणेच्या वेळी मी ते 'ब्रेस्लाव्हिया' असे इटालियनमध्ये वाचले होते, आणि माझा एक पोलिश सहाध्यायी तर तेथलाच. त्याने मला त्या नावाचा खरा पोलिश उच्चार मेहनतीने शिकवला होता. ते ज्ञान मिरवण्याचा मोह मला आवरला नाही. मी वेदीवरून म्हणालो की आपला हा बंधू 'व्रोत्स्वाफ' येथे जन्मला.

पहिल्या बाकावर बसलेल्या बाईंनी मान खाली घातली.

न्याहारीच्या वेळी त्यांनी गीतांच्या पुस्तकातून पतीचे स्मृतिपत्र काढून माझ्यापुढे ठेवले. ऱ्हाइन प्रदेशात अंत्यविधीच्या वेळी अशी छोटी पत्रे वाटतात. लोक ती प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवतात. त्यावर जन्मस्थान छापले होते: ब्रेस्लाउ. मग त्यांनी सावकाश, मला समजेल अशा शब्दांत सांगितले. १९४५ साली सीमा सरकल्या, शहर पोलंडला गेले आणि तेथील जर्मनांना घालवून देण्यात आले. त्यांचे पती तेव्हा सोळा वर्षांचे होते. पुढच्या वर्षी आईबरोबर मालगाडीच्या डब्यातून पश्चिमेला आले. आई वाटेत गेली. पुढे आयुष्यभर ते कधी परत गेले नाहीत. "नवीन नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही," बाई म्हणाल्या. "चिडून नव्हे. ते म्हणायचे, त्या नावाच्या गावात माझी आई मला सापडत नाही."

मी काय बोलणार? नकाशाप्रमाणे मी बरोबर होतो.

रोमला परतल्यावर मी हे सारे माझ्या पोलिश मित्राला सांगितले. तो वाद घालील असे वाटले होते. त्याने वाद घातला नाही. त्याची आजी व्रोत्स्वाफमध्ये राहत होती, पण तीही तेथली नव्हती. ती पूर्वेकडच्या ल्वूफची. तेही शहर सीमा सरकल्यावर पोलंडच्या हातून गेले. आज युक्रेनमध्ये त्याला ल्विव म्हणतात, रशियन लोक ल्वॉव्ह म्हणत, ऑस्ट्रियाच्या काळात ते लेम्बर्ग होते आणि लॅटिनमध्ये लेओपोलिस, सिंहाचे नगर. आजीला यांतले फक्त एक नाव ठाऊक होते. १९४६ साली तीही मालगाडीच्या डब्यातून पश्चिमेला आली आणि कोणा जर्मन कुटुंबाने सोडलेल्या घरात राहू लागली. स्वयंपाकघरात चिनी मातीच्या बरण्या तशाच होत्या, त्यांवर जर्मनमध्ये पीठ, साखर, मीठ लिहिलेले. आजीने त्या बदलल्या नाहीत. मिठाच्या बरणीत मीठच ठेवायचे, मग नाव खरवडायचे कशाला, असे ती म्हणे. मित्राने लहानपणी जर्मनचा पहिला शब्द शिकला तो त्या बरणीवर.

त्या शहराचे एक आर्चबिशप, पुढे कार्डिनल झालेले बोलेस्वाफ कोमिनेक, यांनी १९६५ साली पोलिश बिशपांच्या वतीने जर्मन बिशपांना लिहिलेल्या पत्राचा मुख्य मसुदा तयार केला होता. युद्धात एवढे सोसलेल्या पोलिशांनी त्यात क्षमा दिली होती आणि मागितलीही होती. त्याबद्दल त्यांना स्वदेशात पुष्कळ टीका सहन करावी लागली. आम्ही ते पत्र वर्गात अभ्यासले होते, त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते.

त्या नाताळात मित्र घरी गेला. त्याने संत योहान बाप्तिस्ता यांच्या कॅथेड्रलचे, बर्फातल्या दोन मनोऱ्यांचे, छायाचित्र काढले आणि मी दिलेल्या पत्त्यावर आखेनला पाठवले. मला त्याने हे सांगितले नाही. मला ते बाईंच्या पत्रातून कळले. छायाचित्राच्या मागे त्याने स्वतःच्या हाताने आधी 'ब्रेस्लाउ' लिहिले होते आणि त्याखाली, थोड्या लहान अक्षरात, 'व्रोत्स्वाफ'. बाईंनी विचारले होते की हा मुलगा कोण, त्याचे घर कोणते. मी उत्तरात त्याच्या आजीची, तिच्या गावाची आणि मिठाच्या बरणीची हकिकत लिहून कळवली.

२००६ साली त्या वारल्या. मला जाता आले नाही; येथे आमच्या देवमंदिरात त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण केली. काही महिन्यांनी त्यांच्या चर्चच्या सेवेकऱ्याने त्यांचे गीतांचे पुस्तक टपालाने पाठवले. त्यांनीच तसे सांगून ठेवले होते. आत पतीचे स्मृतिपत्र होते आणि त्याला लागूनच ते छायाचित्र. मी ते उलटून पाहिले. मित्राच्या शाईतील दोन नावांखाली पेन्सिलने एक तिसरे नाव लिहिलेले होते: 'ल्वूफ'. पोलिशमध्ये त्या नावातील 'ओ'वर एक तिरकी रेघ असते. बाईंनी ती शेजारच्या अक्षरावर दिली होती.